कुंपण

रात्री दहा ते सकाळी सहा.
टॉर्च, शिट्टी, किटली, रबरी बूट आणि एक वही.
वहीत लिहायचं : कोण आलं, कधी गेलं.
बहुतेक रात्री मी लिहितो : कोणी नाही.
एकदा लिहिलं : मुंगूस.
डॉक्टर नाकायेंगांनी खाली लाल रेघ ओढली
आणि वेळ का नाही लिहिली म्हणून विचारलं.

आत सहाशे केळी.
त्यांच्यात ढोबळ्या मिरचीतलं काहीतरी घातलंय,
रोग लागू नये म्हणून.
मला दाखवलं होतं एकदा पडद्यावर :
शिवणीसारखी लांब ओळ
आणि तिच्यात एक टाका परका.
दिसला का, सेम्वोगेरेरे?
दिसला, म्हणालो.
मला सगळे टाके सारखेच दिसत होते.

तारेपलीकडे आईची बाग.
होती, म्हणायला हवं.
आधी एक पान मलूल झालं,
मग घड अवेळीच पिवळा पडला,
कापला तर आत काळसर चिखल,
आणि खुंटातून पू. माणसाच्या जखमेतून येतो तसाच.
प्रत्येक झाडाआधी कोयता जाळात धरायचा,
प्रत्येक झाडानंतर पुन्हा जाळात.
दोन दिवस लागले.
मुनवेसुद्धा उपटले, बोटभर उंचीचे.
आमच्या बोलीत अन्न म्हणजे वाफवलेली केळी,
बाकी सगळं तोंडीलावणं.
तेव्हापासून आई म्हणते, आज अन्न नाही,
आणि समोर कसावा ठेवते.

शाळेच्या पटांगणात सभा झाली.
कंपालाहून आलेला चष्मेवाला म्हणाला,
उद्या तुमचं बियाणं कंपनीच्या मालकीचं होईल.
मागून कागोलो हसला : केळीला बी कुठे असतं, साहेब?
सगळे हसले.
चष्मेवाला थांबला, चष्मा पुसला, म्हणाला,
मग मुनवा होईल.
शेजारणीला मुनवा दिलात तर चोरी होईल.
हसू जागच्या जागी विरलं.
माझ्या आईची सगळी बाग
शेजारणींच्या मुनव्यांचीच तर होती.

डॉक्टर उठल्या. ही कंपनीची नाही, सरकारची आहे, म्हणाल्या.
फुकट देणार आहोत.
कधी?
कायदा झाला की.
कायदा कधी?
मग त्याही चष्मा पुसू लागल्या.

घड तयार झाला की तोडतात,
वजन करतात, फण्या मोजतात, फोटो काढतात.
मग खड्डा.
पुरुषभर खोल, तसं नियमात आहे.
मी कोयत्याने तुकडे करतो, वर माती लोटतो,
आणि कागदावर सही करतो
की यातलं काही कोणाच्या पोटात गेलं नाही.
मागच्या खेपेला एकतीस घड होते.
निरोगी, हिरवेगार, बोटाने वाजवले तर टणक.
खड्ड्याच्या काठावर कसावा खाऊन आलेला मी.

माणसं मला विचारतात, तू कोणाच्या बाजूचा?
मी रात्रीच्या बाजूचा आहे.
आतलं बाहेर जाऊ नये, बाहेरचं आत येऊ नये,
एवढ्याचाच मला पगार आहे.
कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात;
मला कुंपणानेच नोकरीला ठेवलंय.

रविवारी आई ओट्यावर कसावा सोलत होती.
खाली मान घालूनच म्हणाली,
तिखट लागतं का रे ते?

नाही, म्हणालो.

सुरी थांबली.
मला वाटलं, आता चष्मेवाल्यासारखं काही बोलेल,
किंवा डॉक्टरांसारखं.
तिने दुसरा कंद उचलला.
शिजायला किती वेळ लागला?

किटलीत? तासभर.

किटलीत, असं पुटपुटली,
आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, किटलीत,
जणू एवढी एकच गोष्ट चुकीची होती.

त्या रात्री दहाला बूट घातले.
तारेला हात लावून सगळी फेरी मारली.
पाने एकमेकांवर घासत होती, आमच्या बागेत घासायची तशीच.
वहीत वेळ लिहिली.
त्यापुढे लिहिलं : कोणी नाही.